डब्याचं रिंगण

नमस्कार श्रोतेहो.

गोष्ट आपल्या सोलापुरातल्याच एका शाळेची. डब्याची सुट्टी. आठवीच्या सहा जणी रिंगण करून बसलेल्या, मधे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आणखी एक मुलगी डबा घेऊन आली. तिला कुणी 'नको' म्हटलं नाही. नुसते गुडघे जरा सरकले आणि रिंगणातली जागा मिटली. ती नळावर गेली, धुतलेले हात पुन्हा धुतले. मी व्हरांड्यातून बघत होते. मला वाटलं, पोरी आज किती शहाण्यासारख्या बसल्यात!

तिच्या घरी तेलुगू. मराठीचा हेल वेगळा, त्याची नक्कल हा पहिला खेळ. मग कट्टी. मग व्हॉट्सॲपवर तिला वगळून नवा ग्रुप. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही मॅडम, गंमत."

मारलं तर वळ तरी दिसतो. अबोल्याचा कुठे दाखवायचा? १९९५ साली अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी अशा छळावर अभ्यास केला. यात हत्यार असतं ते मैत्रीच. यावर 'बायकांची जातच तशी' म्हणणारे भेटतात. पुढे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या बाबतीत मुलगे-मुलींतला फरक अगदी थोडा निघाला. मोठ्यांनी कुणाला वाळीत टाकलं तर आपल्या राज्यात २०१६च्या कायद्यानं तो गुन्हा ठरतो. पोरींनी टाकलं की आपण म्हणतो, होतील गोड दोन दिवसांत.

मी काय केलं? भर वर्गात सांगितलं, "हिच्याशी सगळ्यांनी बोलायचं." झालं! दुसऱ्या दिवसापासून ती 'मॅडमची लाडकी'.

फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांचं शाळेतल्या छळावरचं काम मी नंतर वाचलं. छळणारी आणि सोसणारी, एवढ्या दोघींचाच हा मामला नसतो. हसून साथ देणाऱ्या असतात, गप्प बघणाऱ्याही असतात. मग पुढारणीला सोडलं आणि रिंगणातल्या एका गप्प मुलीला एकटीला बोलावलं. ती म्हणाली, "मी बसेन की तिच्याजवळ. पण मग मलाबी काढतील."

भीती खरीच होती. म्हणून तिच्या जोडीला दुसरी शोधली.

आयांनो, मुलीनं सांगितलं तर आधी ऐकून घ्या. लगेच मोबाइल काढून घेऊ नका, पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. समोरच्या आईच्या दारात भांडायला जाण्यापेक्षा वर्गशिक्षिकेला गाठा. मुलीला स्वतःला कुणाशी बोलायचं असेल तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.

त्या दोघी सोमवारी उठून लिंबाखाली तिच्याजवळ जाऊन बसल्या. मोठं रिंगण वर्षभर वेगळंच राहिलं, ते काही मला जोडता आलं नाही. लिंबाखाली मात्र तिघींचे डबे उघडायचे, आणि तेलुगूत शिव्या कशा देतात याची शिकवणी चालायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.