म्हादई कुठे संपते, मांडवी कुठे सुरू होते?

नकाशात नदी म्हणजे एक निळी रेघ आणि तिच्यावर एक नाव. काठावरचा माणूस मात्र आपल्या गावापुढच्या पाण्याला नाव देतो. कर्नाटकातल्या भीमगडच्या रानात उगम पावून पणजीपाशी समुद्राला मिळणारी, साधारण 80 किलोमीटर लांबीची नदी घ्या. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात विचारलंत तर ती म्हादई, पणजीच्या धक्क्यावर विचारलंत तर मांडवी. हद्दीचा दगड कुठेच रोवलेला नाही.

मांडवी म्हणजे बंदरावरचा जकातीचा नाका. मुंबईत मांडवी आहे, रत्नागिरीत आहे, कच्छातही आहे, आणि तिन्ही पाण्याकाठी. म्हणून गोव्यातलं नावही बंदराकडून आलं असावं असा तर्क करतात. मला तो पटतो. पाणी वरून खाली आलं, नाव खालून वर चढलं. 'महादायी' हे कागदावरचं रूप, 2010 साली नेमलेल्या जलविवाद लवादाच्या नावातलं. लोकांच्या तोंडी म्हादईच.

उगमाकडे कणकुंबी पाहा. खानापूर तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात मलप्रभा उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच परिसरातला कळसा पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो. पाणलोटाची धार इतकी जवळ असल्यामुळेच म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याची कर्नाटकाची कल्पना निघाली. लवादाने 2018 साली कर्नाटकाला कळशासाठी 1.72 आणि भांडुरा या दुसऱ्या ओहोळासाठी 2.18 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केलं. कागदोपत्री दोघांनाही 'नाला' म्हणतात. मोजणीच्या भाषेत नाला म्हणजे ओहोळ, पण शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे गटार येतं. अर्धा गैरसमज तिथेच होतो.

उपनद्यांमध्ये खांडेपारचं उदाहरण बोलकं आहे. घाटातून धबधबा होऊन कोसळते तेव्हा ती दूधसागर, पुढे खांडेपार गावाशी खांडेपार. उपनद्यांची यादी करणारा दोन्ही नावं लिहितो आणि एका नदीच्या दोन होतात. वाळवंटीचं पाणी महाराष्ट्रातल्या विर्डीकडून येतं. खोऱ्याच्या 2032 चौरस किलोमीटरपैकी 77 महाराष्ट्रात आहेत, ते याच बाजूला. घाटात मुसळधार पाऊस आणि खाली भरती एकाच वेळी आली, की वाळवंटीकाठच्या साखळी शहरात पाणी तुंबतं. म्हापसा नदी पार खाली, ब्रिटोन्याजवळ मिळते. तिच्याबद्दल वाद नाही.

सगळ्यात जास्त घोळ लिपीचा. पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटचा 'एम' अनुनासिक उच्चार दाखवतो, तो 'म' म्हणून वाचायचा नसतो. डिचोलीचं स्पेलिंग बघून कुणी 'बिचोलिम नदी' लिहितो, साखळीचं 'सँक्वेलिम' करतो. मग एकाच तक्त्यात डिचोली आणि बिचोलिम शेजारी शेजारी वाहतात! रोमन नकाशावरून देवनागरीत नाव उतरवू नका. गावात जाऊन ऐका आणि ऐकलं तसं लिहा.

नद्यांच्या नावांचं टिपण करताना प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात: कोणत्या गावाशी ऐकलं, कोणत्या काठावर, वरचं आणि खालचं नाव काय, आणि सांगणारा शेतकरी की होडीवाला. काठ ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवायचं. उगमाकडे तोंड करून उभे राहिलात, तर डावा उजवा होतो आणि सगळे संगम उलट्या बाजूला पडतात.

खाली भरतीच्या पट्ट्यात हा नियमही अडखळतो. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा घ्या. त्यात पाणी दिवसातून अनेकदा दिशा बदलतं. कोणाचा डावा काठ, कोणाची उपनदी? अशा जागी टिपणात 'डावा-उजवा' लिहू नका. 'दिवाडीकडचा काठ', 'जुन्या गोव्याकडचा काठ' असं गावाच्या नावाने लिहा आणि शेजारी भरतीची वेळ टाका.