दोरीच्या ड्रमवर सोनं चढवताना

पलटणीचा बँड समोरून जातो तेव्हा साइड ड्रमवरची अक्षरं वाचायला आपल्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. मधोमध रेजिमेंटचं चिन्ह, त्याभोवती फितींवर लढायांची नावं. ही नावं म्हणजे युद्धसन्मान. एरवी ते ध्वजावर असतात. ब्रिटिश रायफल रेजिमेंटना ध्वजच नसतो, म्हणून त्यांचे सन्मान ड्रमवर आले. नवा ध्वज देताना ड्रम एकावर एक रचतात, त्यावर ध्वज ठेवतात आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात. आपल्या सैन्यातही ही रीत आहे. आपल्याकडे जरीपटक्याबरोबर नौबतीचा मान असायचा, त्यामुळे निशाण आणि वाद्य यांचं हे नातं आपल्याला परकं वाटू नये.

आता ड्रम रंगवण्याच्या प्रत्यक्ष कामाकडे येऊ. जुन्या घडणीचा साइड ड्रम 14 इंच व्यासाचा आणि साधारण 12 इंच उंचीचा असतो. मधलं पिंप पितळी, वर-खाली लाकडी कडी, दोन पानं म्हणजे वर-खालचे पडदे, आणि ती ताणणारी नागमोडी दोरी. पिंपाचा घेर 44 इंच भरतो. पण उंचीतली वर-खालची जागा कड्यांखाली जाते, आणि ड्रम डाव्या मांडीला टेकतो त्यामुळे लोकांना दिसतो तो घेराचा साधारण तिसरा हिस्सा. म्हणून चित्राचा मध्य टेबलावर ठरवू नये. पट्टा गळ्यात घालून वादकाला उभं करावं आणि समोरून खडूने रेघ मारावी. दोऱ्या कुठून जातात तेही त्याच वेळी आखून घ्यावं, नाहीतर ‘केरेन’ या लढाईच्या नावातला नेमका ‘रे’ दोरीखाली जातो.

पितळ रंग धरत नाही, निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. दोऱ्या, कडी, पानं काढून पत्रा थिनरने पुसायचा, बारीक पॉलिश पेपरने खरवडायचा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी त्याला शिवायचं नाही. बोटाचं तेल राहिलं तर वर्षभरात तिथेच पोपडा येतो. धातूसाठीच्या एच (etch) प्रायमरचा, म्हणजे पत्र्याला धरून राहणाऱ्या अस्तराचा, एकच पातळ हात द्यावा. त्यावर रेजिमेंटच्या रंगाचे दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. लांबीने, म्हणजे पुट्टीने, पोचा बुजवण्याचा मोह टाळा. ड्रम वाजताना पत्रा थरथरतो आणि लांबी सुटते. पोचा आतून ठोकून काढावा.

चित्र उतरवायला रांगोळीच्या छापाचीच युक्ती चालते. ट्रेसिंग पेपरवरच्या रेघांना सुईने टोचे पाडायचे, कागद पिंपाला गुंडाळून चिकटवायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर हलके आपटायची.

खरी परीक्षा वर्खाची. आधी सगळ्या रंगावर टाल्कम पावडर फिरवून झटकायची, म्हणजे वर्ख नको तिथे चिकटत नाही. मग गोल्ड साइज हा तेलकट चिकट पदार्थ फक्त अक्षरांवर आणि चिन्हावर लावायचा. तो ओला असताना वर्ख टाकला तर सोनं बुडतं आणि काळपट दिसतं. जास्त वाळला तर धरत नाही, मध्ये भेगा राहतात. बोटाचं पेर टेकवून उचलताना बारीक ‘चुक्’ आवाज आला आणि पेराला काही लागलं नाही, की वेळ झाली. पावसाळ्यात ही वेळ पुढे सरकते, घड्याळावर भरवसा ठेवू नका. खऱ्या सोन्याऐवजी तांब्या-जस्ताचा नकली वर्ख घेतला तर वार्निश अटळ, नाहीतर तो काळवंडतो. पैसे वाचवायचे असतील तर आकार लहान करा, सोनं खरंच ठेवा. हल्ली छापील स्टिकर लावतात, पण दोरी घासून त्यांच्या कडा उचलल्या जातात.

कडी शेवटी रंगवायची. ब्रिटिश घडणीत तांबड्या कड्यावर नागमोडी पट्टा असतो. कंपासने लाटा मोजत गेलं तर शेवटची लाट हमखास आखूड पडते. त्यापेक्षा कागदाची पट्टी कड्याभोवती नेमकी गुंडाळून कापावी आणि चार वेळा दुमडावी. सोळा सारखे भाग आपोआप मिळतात.

जुना ड्रम मिळाला तर पॉलिश पेपर लावण्याआधी प्रत्येक फीत ट्रेस करून घ्या. मुंबई इलाख्याच्या काही पलटणींना 5 नोव्हेंबर 1817 च्या खडकीच्या लढाईचा सन्मान होता. ती लढाई पेशव्यांच्या फौजेशी झाली. भारतीयांविरुद्ध मिळवलेले असे सन्मान स्वतंत्र भारताचं सैन्य मिरवत नाही. पण ते नाव असलेलं पिंप खरवडून नवं करणं मला पटत नाही. ते जसंच्या तसं संग्रहालयात जावं आणि बँडसाठी कोरं पिंप घ्यावं. कोऱ्यावर सन्मान सालाच्या क्रमाने लिहिताना खालची एक फीत रिकामी सोडा. पुढचं नाव आलं की सगळं चित्र पुसावं लागत नाही.