रडारचा नेम

[कुर्ल्यातलं गॅरेज. पुढचा बंपर उतरवलेली गाडी.]

बंपर निघाला की मधोमध ही तळहाताएवढी काळी डबी दिसते. हे रडार. अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप वेग धरणारी सोय, लावल्यावर पुढची गाडी किती लांब आहे हे बहुतेक गाड्यांना मुख्यतः हीच डबी सांगते.

१९९५ साली मित्सुबिशीने डायमंतेमध्ये हे काम लेझरवर सोपवलं होतं. ती गाडी थ्रॉटल सोडायची, गिअर उतरवायची; ब्रेक मात्र चालकानेच मारायचा. शिवाय पावसात, धुक्यात लेझरला नीट दिसत नसे. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये रडार आलं आणि ब्रेकही गाडीच लावू लागली. आपल्या पावसाळ्यात रडारच बरं.

[पेंटर बंपर घासतोय.]

७७ गिगाहर्ट्‌झच्या रडार-लहरीची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. म्हणून रडारसमोर पुट्टीचा जाड थर नको, मेटॅलिक रंगाचे हातावर हात नकोत, बाजारातली क्रोम जाळी तर अजिबात नको. बंपरचा तेवढा भाग फुटला असेल तर तो बदलावाच.

आता हे ब्रॅकेट पाहा. किंचित वाकलंय. रडार एक अंशाने फिरलं, तर शंभर मीटरवर नेम पावणेदोन मीटर हुकतो. लेन साडेतीन मीटरची. अर्धी लेन गेली! मग शेजारचा टँकर समोर आहे असं समजून गाडी उगाच ब्रेक मारते, किंवा खरंच समोर असलेल्याला उशिरा ओळखते. आणि डॅशबोर्डवर दर वेळी दिवा लागेलच असं नाही.

[सपाट फरशी, समोर रिफ्लेक्टर.]

नेम पुन्हा बसवायचा, म्हणजे कॅलिब्रेशन करायचं, तर आधी टायरची हवा, मग डिकी रिकामी, मग व्हील अलाइनमेंट. हा क्रम मोडायचा नाही, कारण रडारचा नेम मागच्या चाकांच्या रेषेवरून धरतात. बॅटरीला चार्जर लावलेला हवा. व्होल्टेज पडलं की काम अर्ध्यावर थांबतं. रिफ्लेक्टरचं अंतर आणि उंची कंपनीने दिलेलीच, अंदाजपंचे नाही. स्कॅनरवर कोन पाहत मिस्त्री स्क्रूला पाव फेरा देतो. थांबतो. पुन्हा थोडासा.

काही गाड्यांचं कॅलिब्रेशन रस्त्यावरच पुरं होतं. त्यासाठी अटल सेतू उत्तम: २१.८ किलोमीटर, ठसठशीत पट्टे, दुचाकी नाहीत.

बिलात डेंटिंग असतं, पेंटिंग असतं. कॅलिब्रेशनची ओळ शोधा. नसेल, तर आडवा आणि उभा कोन लिहिलेला रिपोर्ट हातात पडेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका.