दहावी नापास माणूस सरकारी आकड्यात कुठे बसतो

नमस्कार मंडळी. आज एका आकड्याबद्दल बोलू या. पेपरात त्याची हेडलाइन येते, पुढे कुणी त्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं कारण त्या आकड्यात आपल्याच घरातली, आळीतली माणसं असतात.

लेबर फोर्स पार्टिसिपेशन रेट. म्हणजे शंभर माणसांत कामाला असलेले किती आणि काम मागणारे किती, दोघांची बेरीज. बेकार माणूससुद्धा यात धरतात बरं का, तो काम मागतोय म्हणून. आपल्याकडे हे पीएलएफएस (पीरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे) नावाच्या सरकारी सर्व्हेत मोजतात, 2017 पासून. 2023-24 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरच्या पुरुषांचा आकडा 78.8 टक्के आला.

आता आयएलओ (आंतरराष्ट्रीय श्रम संघटना) आणि वर्ल्ड बँक हाच रेट शिक्षणाप्रमाणे वेगवेगळा काढतात, त्यातला एक रकाना बेसिक एज्युकेशनवाल्या पुरुषांचा, आपल्या भाषेत साधारण पाचवी ते आठवी पास. तुम्ही म्हणाल आजकाल आठवीवर कोण थांबतं? तर मंडळी, रकाना ठरवताना शिक्षणाचा शेवटचा कुठला टप्पा पास झालात तेवढंच धरतात, शाळेत किती वर्षं बसलात ते नाही. त्यामुळे दहावीला गणित-इंग्रजीत उडालेला पोरगा, जो पुढे टेम्पो चालवतो किंवा फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डिंग करतो, तो नोंदला जातो मिडल म्हणजे आठवीवाल्यांतच. दहावी नापासांचा वेगळा रकानाच नाही. हा गट तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

आणि इथेच खरा घोळ आहे. या रकान्यात 15-16 वर्षांची पोरंही येतात जी अजून नववी-दहावीत शिकतायत, कारण त्यांचा पास झालेला टप्पा आठवीचाच. आणि जुन्या काळी सातवीला शाळा सोडलेले सत्तरीचे आजोबाही येतात. समजा एका गावात असे 100 पुरुष आहेत, त्यात 15 पोरं शाळेत, 15 आजोबा थकून घरी बसलेले, आणि उरलेले 70 च्या 70 दिवसभर राबतायत. आकडा येणार 70 टक्के! मग कुणीतरी एसीत बसून म्हणणार की कमी शिकलेले पुरुष कामाला तयार नसतात. मला याचा खरंच राग येतो. अरे बाबा, 25 ते 54 वयाचे वेगळे काढून बघ की, त्या वयाचा कमी शिकलेला बाप्या घरी बसूच शकत नाही, बसला तर चूल पेटत नाही. पदवीधरांमध्ये बेकारीचा दर यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो तो याच कारणाने, घरून आधार असला तर ग्रॅज्युएट पोरगा दोन वर्षं स्पर्धा परीक्षा देत थांबू शकतो, याला थांबायची सोयच नाही.

आता पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी आठला जाऊन बघा. डबा पिशवीत, थापी आणि ओळंबा बरोबर, गाडी थांबली की दहा जण धावतात. साडेदहा वाजले की उरलेले घरी. अशा माणसाला आठवड्यात एक दिवस जरी काम मिळालं, अगदी एक तास जरी, तरी आठवड्याच्या हिशोबात तो कामावर असलेला. एकही दिवस मिळालं नाही तर बेकार. दोन्हीकडे तो लेबर फोर्समध्ये आहेच, म्हणजे रेट तोच राहतो, खिशातले पैसे मात्र कुठल्या कुठे. वर्षाच्या हिशोबातही तसंच, बीडचा ऊसतोड्या दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बायकोबरोबर कोयत्यावर जातो, उन्हाळ्यात परत येऊन पाऊस पडला की आपल्या कोरडवाहू तुकड्यात कापूस लावतो, तो बारा महिने कामातच धरला जातो, आणि त्यातले किती दिवस नुसते वाट बघण्यात गेले ते या एका टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

अजून एक. सर्व्हेवाला टॅबलेट घेऊन येतो तेव्हा हा माणूस घरी नसतोच, उत्तर देते आई किंवा बायको. "तो काय, असंच काहीतरी करतो." यावरून कोड कुठला टाकायचा? सर्व्हेवाल्याने तरी नीट खोदून विचारायला हवं आणि आपणही नीट सांगायला हवं, मागच्या सात दिवसांत कुठे गेला, किती वेळ काम मिळालं, घरच्या दुकानात बसला का, भावाच्या शेतावर पाणी धरलं का. काम मिळालं नसेल पण मिळालं तर करायला तयार असेल तर तेही सांगा, आपल्या सर्व्हेत तोही लेबर फोर्समध्ये मोजतात, नुसतं "घरीच असतो" म्हटलं तर तो बाहेर पडायचा.

जानेवारी 2025 पासून या सर्व्हेची रचना बदललीय, दर महिन्याला आकडे येतात आणि जिल्हा हा मूळ घटक केलाय. चांगली गोष्ट आहे. मग आता आपल्या आमदार-खासदारांनी एवढं तरी मागावं, बीडचा, नंदुरबारचा, गडचिरोलीचा आठवी पास पुरुषांचा आकडा वयाप्रमाणे वेगळा काढा, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात वर्षातले किती दिवस मजुरी मिळाली तेही छापा.