उपाशीपोटी टेकडी की जेवून शतपावली?

नमस्कार, श्रोतेहो.

वेताळ टेकडीवर सकाळी सहा वाजता दोन पक्ष भेटतात. एक उपाशीपोटी चढणाऱ्यांचा, दुसरा घरून चहा-बिस्किटं खाऊन येणाऱ्यांचा. पुण्यात पक्ष म्हटला की वाद आलाच. परवा उपाशी पक्षातल्या एका काकांनी मला अडवलं. "तुम्ही कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवता ना? मग सांगा यांना, रिकाम्या पोटी चाललं की चरबी जास्त जळते की नाही?" मी म्हटलं, "जळते, काका." त्यांनी बिस्किटवाल्यांकडे असं काही पाहिलं, की माझं पुढचं बोलणं घशातच राहिलं. ते आज इथे बोलून घेते.

काकांचं म्हणणं खरं आहे. रात्रीच्या जेवणाला नऊ-दहा तास झाले की रक्तातलं इन्सुलिन उतरलेलं असतं. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं, आणि शिवाय ते चरबीच्या कोठाराचं कुलूप समजा. जेवलं की ते लागतं, उपाशी असलं की सैल पडतं. मग साठ्यातून मेदाम्लं रक्तात येतात आणि चालणारे स्नायू ती जाळतात. तेच चालणं पोहे खाऊन केलं, तर स्नायू आधी हाताशी आलेली साखर वापरतात. गंमत म्हणजे हे श्वासावरून मोजता येतं. शरीर नुसती साखर जाळत असेल, तर जेवढा प्राणवायू आत घेतला तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नुसती चरबी जळत असेल, तर शंभराला सत्तरच.

ब्रिटनमध्ये बाथ आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी तीस वजनदार पुरुषांवर सहा आठवडे प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. न्याहारीआधी सायकल चालवणाऱ्यांनी व्यायामाच्या वेळात, न्याहारीनंतर चालवणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट चरबी जाळली. दुप्पट! काकांनी पेढेच वाटले असते. पण काटा काय म्हणाला? दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत वीस तरुणींवर असाच प्रयोग झाला होता. आहार सगळ्यांचा मोजून कमी केलेला, आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम, निम्म्या उपाशी आणि निम्म्या खाऊन. चार आठवड्यांनी दोन्हीकडे वजन उतरलं, आणि उपाशी राहिल्याचा वेगळा फायदा काही दिसला नाही.

कारण शरीर तासाचा हिशेब ठेवत नाही. सकाळी चरबी जास्त खर्चली, तर दिवसभरात ते साखर जास्त आणि चरबी कमी जाळतं. शिवाय आकडाही केवढासा? सत्तर किलोच्या माणसाचे तासभर झपाझप चालण्यात साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी जातात. ती सगळी ऊर्जा चरबीतून आली, असं धरलं तरी चरबी भरते तीसेक ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे तूप. आणि टेकडी उतरल्यावर आपण कुठे थांबतो, ते मी रेडिओवर सांगत नाही. अमृततुल्यवाले मलाही ओळखतात.

मग वेळेला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो काट्यावर दिसत नाही. त्याच ब्रिटिश प्रयोगात उपाशी गटाचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं होतं. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे, कारण आपला काटा फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीचे, आणि म्हणून मधुमेहाकडे लवकर झुकणारे.

इथे मला आजीची शतपावली आठवते. स्नायू आकुंचन पावत असले की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं २०१६ मध्ये एक्केचाळीस मधुमेहींवर हे तपासलं. दिवसातून एकदा केव्हाही अर्धा तास चालण्यापेक्षा, प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यानं जेवणानंतरची साखर सरासरी बारा टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतरची बावीस टक्के. एकूण चालणं तेवढंच, फक्त वेळ वेगळी. आता शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. तेव्हा आजीच्या आकड्यावर एक शून्य वाढवा आणि सोसायटीच्या आवारातच हजार पावलं टाका. दुपारची वामकुक्षी सोडा असं मी म्हणणार नाही, मला याच शहरात राहायचंय. पण तिच्याआधी दहा मिनिटं निघतात.

एक मात्र लक्षात ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किंवा साखर जास्त खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी टेकडी चढू नये. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा आणि साखर तोंडात टाका. त्या काकांनाही मी हे विचारलं. त्यांनी खिशातून ग्लुकोजची पुडी काढून दाखवली, आणि बिस्किटवाले जोरात हसले.

नमस्कार.