हाल्ब द्राय म्हणजे अडीच

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे माझा फोन गप्प बसत नाही. पुण्यात जर्मन शिकवायला लागून मला तीस वर्षं होत आली, त्यामुळे नंबर कुठून कुठून फिरत जातो देव जाणे. फोनवर आई नाहीतर बाबा असतात. ज्याला शिकायचंय ते पोरगं मागून काहीतरी कुजबुजत असतं. "मॅडम, अकरावी-बारावीला जर्मन होतं, 92 मार्क पडलेत. आता बी.ए.च जर्मनमध्ये केलं तर? स्कोप आहे ना?"

आधी त्या 92 मार्कांचं सांगते. ज्युनियर कॉलेजात जर्मन घेतात ते 'स्कोअरिंग' म्हणून. सायन्सची मुलं तर बहुतेक त्याचसाठी घेतात. पेपरचा साचा ठरलेला, धडे मोजके, भाषांतरं पाठ करता येतात. त्या मार्कांवरून मुलाला ही भाषा आवडते की नाही, एवढंसुद्धा कळत नाही.

आता स्कोप. जर्मनीत जाऊन नर्स व्हायचंय, कारखान्यात काम करायचंय, इंजिनियरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायचंय, तर बी.ए. जर्मन करू नका. मी जर्मनची शिक्षिका असून हे सांगते आहे. त्या कामासाठी युरोपने ठरवलेल्या भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-वनपासून सी-टूपर्यंत. नर्सिंगला साधारण बी-टू लागतं, आणि तिथवर नेटाने क्लास करून पोचता येतं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा 10,000 हा आकडा पेपरांत झळकला आणि माझे फोन वाढले. त्या 10,000 जणांना कुणी कविता वाचायला लावणार नव्हतं. कविता वाचायच्या असतील, तर मग आपण बोलू.

म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, फर्ग्युसन, मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा जर्मन विभाग, दिल्लीचं जेएनयू, हैदराबादचं इफ्लू, अशा ठिकाणी जिथे जर्मन हा मुख्य विषय म्हणून घेता येतो, तिथल्या अभ्यासाविषयी बोलू. व्याकरण तिथेही असतंच. पण भाषाशास्त्र, साहित्य, भाषांतर, त्या देशाचा इतिहास, सगळं हळूहळू त्यात येतं, आणि दुसऱ्या वर्षापासून पाठांतराची काठी हातातून सुटते.

या अभ्यासाला बसणाऱ्या मराठी मुलाला मी पहिल्या दिवशी एकच सांगते. बाबा रे, जर्मनच्या घरात इंग्रजीच्या दारातून शिरू नकोस. मराठीचं दार जवळ आहे.

हे मला स्वतःला कळलं ते एका विद्यार्थिनीमुळे. बरीच वर्षं झाली त्याला. बीडकडची मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजीच्या धास्तीने शेवटच्या बाकावर बसणारी. घड्याळाचा धडा चालला होता. मी फळ्यावर घड्याळ काढलं, काटे लावले आणि म्हटलं, 'हाल्ब द्राय'. शब्दशः 'अर्धे तीन'. अख्ख्या वर्गाने वहीत लिहिलं, साडेतीन. इंग्रजीतून विचार केला की असंच होणार, आणि जर्मनीत याच चुकीपायी गाड्या चुकतात. कारण हाल्ब द्राय म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, म्हणजे अडीच. शेवटच्या बाकावरून बारीक आवाज आला, "मॅडम, पण अडीच म्हणजेपण तेच असेल ना?"

मी म्हटलं, बघून सांगते. घरी जाऊन व्युत्पत्ती काढली. अडीच हा शब्द आला 'अर्धतृतीय'वरून. दोन पुरे, तिसरा अर्धा. दीडही तसाच, पहिला पुरा आणि दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला 'आन्डर्टहाल्ब' म्हणतात, त्याचाही अर्थ 'दुसरा अर्धा'च. आपल्या आजोबांच्या पाढ्यांत औटकी होती ना, साडेतीनची, तो औट म्हणजे चौथा अर्धा. पुढे मराठीने साडेचार, साडेपाच अशी निराळी वाट धरली. जर्मन मात्र बाराही तास अर्धे करत राहिली. मी तोवर कितीतरी वर्षं हाल्ब द्राय शिकवत होते आणि रोज अडीच म्हणत होते. दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

त्यानंतर मी शोधायलाच लागले. एकवीसला जर्मनमध्ये 'आइन-उंड-त्स्वांत्सिग', म्हणजे 'एक आणि वीस'. एकक आधी, दशक नंतर, थेट आपल्यासारखं. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, आठवतंय? जर्मनीतही नेमकी अशीच मागणी करणारी एक संघटना आहे, बोखुमच्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी 2004 मध्ये सुरू केलेली. तिचं नावच 'त्स्वांत्सिग-आइन्स', वीस-एक! तिथल्या लोकांनीही तिला काही फार डोक्यावर घेतलेलं नाही.

थंडी वाजली तर इंग्रज म्हणतो, 'मी थंड आहे'. जर्मन म्हणतो 'मीर इस्ट काल्ट', म्हणजे 'मला'. आवडणं, वाटणं, दुखणं, अशा कितीतरी ठिकाणी जर्मन माणूस आपल्यासारखाच 'मला'ने सुरू करतो. इंग्रजीवाल्याला ती चतुर्थी विभक्ती म्हणून शिकावी लागते, आपल्याला ती पाठच आहे. तुम्ही-तू आहे. 'कारण' म्हटलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, तेही घरचंच.

आणि लिंगं. तो, ती, ते. हिंदीवाल्यांची इथे दमछाक होते, कारण त्यांच्याकडे दोनच. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द, 'मेडशन', नपुंसकलिंगी आहे. ते ऐकून वर्गात दर वर्षी हशा पिकतो. मग मी विचारते, कोकणातलं कुणी आहे का? चेडू कुठलं लिंग? 'तें चेडू'. गोव्यातही तरुण मुलीला 'तें' म्हणतात. लेकरू, पाखरू, वासरू, कोकरू, जे लहान आणि लाडकं ते आपल्याकडेही 'ते'. मेडशनमधलं 'शन' हे तसंच लहानपण दाखवणारं शेपूट आहे, आणि ते लागलं की शब्द नपुंसकलिंगी होतो. हशा थांबतो, आणि नियम कायमचा डोक्यात बसतो.

आता लबाडी नको. मराठीचं दार पहिल्या खोलीपर्यंतच नेतं. तीन लिंगं आहेत, पण ती जुळत नाहीत. सूर्य तिकडे बाई आहे आणि चंद्र पुरुष. जेवणाच्या टेबलावर चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. याला काही तर्क नाही, घोकावंच लागतं. विशेषणांची शेपटं आहेत, त्यांनी माझ्या पिढीचीही झोप उडवली होती. काही क्रियापदं दुभंगतात, अर्धं पुढे आणि अर्धं वाक्याच्या टोकाला. माणूस फोन करणार आहे की ओरडणार आहे, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही.

उच्चारांचं मात्र रेडिओवरच सांगायला हवं. जर्मन 'झेड'ला लोक इंग्रजीसारखं 'झ' म्हणतात. तो आपल्या 'चाक'मधला, 'चूक'मधला 'च' आहे, 'चिमणी'मधला नव्हे. वेळ म्हणजे 'त्साइट', म्हणा चाकातल्या 'च'ने. हिंदीत हा ध्वनी नाही, आपल्याकडे आयता आहे. आणि ते ओठ गोल केलेलं 'यु'. श्रोतेहो, घरी कुणी बघत नसेल तर करून पाहा. तोंडाने 'ई' म्हणा, आणि 'ई' म्हणतानाच ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा. आलं? तोच. तो नीट आला नाही तर दारावरच्या 'ढकला'चं 'छापा' होतं.

हे झालं भाषेचं. पदवीच्या अभ्यासात दुसरं जे घडतं ते इतकं गमतीचं नाही. पहिल्या वर्षाला दर वर्षी एखादा तरी मुलगा असतो, जो हिटलरचं आत्मचरित्र वाचून जर्मनकडे वळलेला असतो. फुटपाथवर ते अजून विकलं जातं, मराठीतही. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मी फोटो दाखवते. जर्मनीत गावोगावच्या फुटपाथांत दहा बाय दहा सेंटिमीटरचे पितळी पत्रे बसवलेले असतात. प्रत्येकावर एकाचं नाव, जन्माचं साल, कधी उचलून नेलं, कुठे मारलं. त्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घराच्या दारातच. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराने 1990 नंतर हे सुरू केलं. नाव 'श्टोल्परश्टाइन', ठेच लागणारा दगड. मुलांना मी त्यावरचे मजकूर भाषांतराला देते. चार ओळी असतात. 1938 साली जन्म आणि 1943 साली मृत्यू, असं स्वतःच्या अक्षरात लिहिल्यावर त्या मुलाने पुढचा तासभर मान वर केली नव्हती.

इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला शिकायला गेल्या होत्या, हे अनेकांना माहीत असतं. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते, आणि कवटीच्या मोजमापांतून वंशावंशांतला फरक दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा फरक दिसला नाही, आणि तसं त्यांनी जर्मनमध्ये लिहिलेल्या प्रबंधात मांडलं. तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या.

बीडच्या त्या मुलीकडे परत येते. तिसऱ्या वर्षाला आम्ही वोल्फगांग बोर्शेर्टची एक गोष्ट वाचतो. हा लेखक युद्धातून आजारी होऊन परतला आणि 1947 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. दोन-तीन पानांची गोष्ट, नाव 'डास ब्रोट'. सुरुवात होते हाल्ब द्रायला. रात्री अडीचला एका म्हाताऱ्या बाईला जाग येते, स्वयंपाकघरात खुर्चीला काहीतरी धडकलेलं असतं. शेजारी नवरा नाही. ती उठून जाते. तो तिथे उभा. ताटलीशेजारी सुरी, टेबलक्लॉथवर पावाचा चुरा. टेबलक्लॉथ ती रोज रात्री झटकून झोपते. युद्धानंतरचे दिवस, पाव मोजून मिळणारा. तो म्हणतो, मला वाटलं इथे काहीतरी वाजलं. ती चुऱ्याकडे बघत नाही, आणि खोटं बोलण्यात त्याला साथ देते, बाहेरची पन्हळ वाजली असेल. दुसऱ्या संध्याकाळी आपल्यातला एक तुकडा त्याच्याकडे सरकवते. म्हणते, मला हा पाव संध्याकाळी बाधतो.

वर्गातली पुण्याची मुलं हुशार. त्यांनी वाक्यं किती छोटी आहेत ते सांगितलं, सर्वनामांवर बोलली, बाईचं नाव का दिलं नाही यावर चर्चा केली. ही शेवटच्या बाकावर गप्प. विचारल्यावर म्हणाली, "माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात हेच म्हणायची. मला रात्रीची भाकरी बाधते. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी. आई सांगते, आजीला काहीसुद्धा बाधत नव्हतं." पुढे कुणी काही बोललं नाही. मीही तास पाच मिनिटं आधी सोडला.

'स्कोप'वाल्या आईबाबांना हे फोनवर कसं सांगायचं, मला समजत नाही. सांगते ते असं की शिक्षकी आहे, भाषांतर आहे, पुण्या-मुंबईत जर्मन ग्राहकांशी बोलणारी कामं आहेत, पण नुसत्या पदवीवर पगार बेताचा. एम.ए. करावं लागतं किंवा जोडीला दुसरं कौशल्य लागतं. यंत्रं आता भाषांतर करतात, त्यामुळे नवख्यांना मिळायचं ते पत्रं आणि मॅन्युअलं उतरवण्याचं काम कमी झालंय, यंत्राच्या चुका काढण्याचं वाढलंय. चूक दिसायला भाषा आत मुरलेली असावी लागते.

ती मुलगी, म्हणजे आता चाळिशीतली बाई, तेच काम करते. यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासते आणि रात्री स्वतःसाठी मराठीत गोष्टी उतरवते. बोर्शेर्टची ती गोष्ट तिने कितीदा तरी केली आहे. अडलंय नावावर. 'ब्रोट'ला काय म्हणायचं? पाव म्हटलं तर आपल्याला वडापाव आठवतो, त्यात भूक येत नाही. म्हणून तिने 'भाकरी' केलं होतं. गेल्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, भाकरीच ठेवते." मी म्हटलं, ठेव, पण भाकरी हाताने मोडतात. ताटलीशेजारची सुरी कुठून आणशील? आणि चुरा? चुरा नसला तर त्या बाईला कळणार कसं? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघते परत."

आमचं अजून ठरलेलं नाही. नमस्कार.