जोर नेमका कशाला लागतो?

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक प्रश्न विचारतो. चर्चगेटहून सुटलेली फास्ट लोकल सरळ रुळावरून ताशी बरोबर ७२ किलोमीटरने धावते आहे. वेग जरासुद्धा वाढत नाही, कमी होत नाही. तिच्यावरची सगळी बलं एकत्र धरली, तर उरतं किती?

पस्तीस वर्षं मी नववीला विज्ञान शिकवलं. 'गतीचे नियम' हा धडा आला की हा प्रश्न विचारायचो आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "खूप!" उत्तर आहे शून्य. मोटर पुढे ओढते, हवा आणि घर्षण तेवढ्याच जोराने मागे ओढतात. हिशेब फिटतो, म्हणून वेग आहे तसा राहतो.

मुलांची ही चूक मला कधीच किरकोळ वाटली नाही. हातगाडी ढकलायचं थांबलं की ती थांबते, हे आपण जन्मापासून बघतो. मग चालत राहायचं तर जोर हवाच, असं मनात बसतं. अ‍ॅरिस्टॉटललाही तसंच वाटायचं. गॅलिलिओने ती समजूत हलवली आणि १६८७ साली न्यूटनने नियम मांडला, मध्ये जवळजवळ दोन हजार वर्षं गेली. आपल्या पोरांना एका तासिकेत ते पटावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे, नाही का?

नियम असा: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. यातलं त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलला ते. बल लागतं ते या बदलासाठी. हे एवढं पक्कं केलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

समजा, लोकल थांब्यावरून निघाली आणि ३० सेकंदांत ताशी ५४ किलोमीटरवर, म्हणजे सेकंदाला १५ मीटरवर पोचली. दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरने वाढला. तुमचं वस्तुमान ६० किलो असेल, तर गाडीबरोबर राहायला तुम्हाला ६० गुणिले अर्धा, म्हणजे ३० न्यूटन बल हवं. तीन किलो पिठाची पिशवी हातात धरायला लागतो, साधारण तेवढा जोर. तो तुम्हाला कोण देतं? पायाखालची जमीन आणि वरची कडी. कडी धरली नसेल तर पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड जागच्या जागी राहतं आणि आपण म्हणतो, धक्का बसला. खरं तर मागे कुणीच ढकललेलं नसतं.

मुंबईच्या गाडीला हे त्वरणच महत्त्वाचं. मरीन लाइन्स सुटलं की चर्नी रोड आलंच. वेग घ्यायला वेळ लावला तर घेईपर्यंत ब्रेक मारायची वेळ येते. म्हणून बारा डब्यांच्या लोकलला पुढे एकच इंजिन नसतं, चार मोटर डबे गाडीभर वाटलेले असतात. बल शेवटी चाक आणि रूळ यांच्या पकडीतूनच मिळतं, तेव्हा ओढणारी चाकं जितकी जास्त, तितका जोर जास्त. मला ही रचना फार सुंदर वाटते.

आता वस्तुमान. मस्जिद बंदरला मालाने भरलेली हातगाडी येताना हमाल लांबूनच "बाजू, बाजू" ओरडतो. ते का, बघा. गाडी मालासकट ३०० किलो, वेग सेकंदाला दीड मीटर आणि मागे खेचायचा जोर १५० न्यूटन. वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरनेच कमी होईल. थांबायला तीन सेकंद लागतील आणि तेवढ्यात गाडी सव्वादोन मीटर पुढे जाईल. तीच गाडी रिकामी, ७५ किलोची असेल, तर तेवढ्याच जोरात अर्ध्या मीटरच्या आसपास थांबते. घर्षण मी बाजूला ठेवलंय, पण चौपट वस्तुमानाला चौपट अंतर लागतं, हे त्या माणसाच्या दंडांना पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. त्याला वाट द्या.

जाता जाता एक प्रयोग. उद्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, तर २० सेंटिमीटर दोऱ्याला एक किल्ली बांधून लोंबकळत धरा. गाडी वेग घेऊ लागली की किल्ली मागे सरकेल, मघाच्या त्वरणाला साधारण एक सेंटिमीटर. वेग एकसारखा झाला की, गाडी कितीही जोरात पळत असो, हिंदकळणं सोडलं तर दोरा सरळ खाली. ब्रेक लागला की किल्ली पुढे.

मग एका किल्लीऐवजी अख्खा जुडगा बांधा. दोरा तेवढाच झुकेल. जुडग्याला पुढे न्यायला जितक्या पट बल जास्त लागतं, तितक्याच पट पृथ्वीही त्याला जास्त जोराने खाली ओढते.

नमस्कार.